शेक संपले, पण रुग्णाचे हाल संपले नाहीत : आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच तोंडाच्या कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या सर्व रुग्णालयांचे विभागप्रमुख

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका कॅन्सर रुग्णालयात ओपीडीच्या दाराशी एक कागद चिकटवलेला दिसला. गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम शिकवणारी, आठवड्यातून एकदा भरणारी ओपीडी पुढील आदेशापर्यंत बंद. आत विचारलं तेव्हा कळलं की व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमचं पद कंत्राटी होतं. त्याची मुदत संपली आणि नवीन मंजुरी आली नाही. मग रुग्णांनी काय करायचं, तर मुंबईला जायचं. ज्याला चमचाभर पाणी गिळताना ठसका लागतो त्याने रात्रभर एसटीने किंवा रेल्वेने मुंबई गाठायची, व्यायाम शिकायचे आणि परत यायचं. आठवड्यानंतर पुन्हा तेच.

हा निर्णय कोणत्या टेबलावर झाला ते मला माहीत नाही आणि त्यात मला शिरायचंही नाही. पण तो ज्या समजुतीतून झाला ती समजूत मला मान्य नाही. कॅन्सरची गाठ काढली, किरणं दिली, म्हणजे उपचार पूर्ण झाला आणि त्यानंतरचं सगळं घरच्यांनी बघायचं, अशी ती समजूत आहे. म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनीही ते वाचावं.

माझी आई त्या ओपीडीत जायची. लहानपणापासून मशेरी लावायची. आमच्याकडे तिच्या पिढीच्या बायकांत कोण लावत नव्हतं? डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, मग सहा आठवडे शेक, म्हणजे किरणोपचार, आणि सोबत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. आज तिला कॅन्सर नाही. ज्या सर्जननी आणि किरणोपचाराच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो राहील. माझी तक्रार त्यांच्या हातांबद्दल नाही. किरणांनी जे नुकसान होतं ते निस्तरणं हे तिथे कुणाचंच काम नव्हतं, ही माझी तक्रार आहे.

हा काही थोड्या लोकांचा प्रश्न नाही. तोंडाचा कॅन्सर हा आपल्या देशातल्या पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आहे. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 40 हजार नवे रुग्ण निघतात, म्हणजे जगातल्या तीन रुग्णांमागे एकाहून जास्त आपला. यातले बहुतेक आपल्याकडे उशिराच्या टप्प्यात येतात. त्यांना नुसतं ऑपरेशन पुरत नाही, शेक घ्यावेच लागतात. ऑपरेशननंतर साधारण 60 ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) इतका डोस, आठवड्याचे पाच दिवस, तीस बैठकांत. इतक्या किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, तशीच वाटेतली लाळेची ग्रंथी, जिभेवरची चव, तोंडाची आतली त्वचा, जबड्याचे स्नायू आणि हाडही होरपळतं. हे डॉक्टरांना आधीपासून पक्कं माहीत असतं. कोणत्या आठवड्यात काय होणार हेही माहीत असतं. जे ठरल्या वेळी येणार आहे, त्याची तयारी आधी का नसावी?

आईचं तोंड तिसऱ्या आठवड्यात आलं. आधी लाल, मग पांढरे चट्टे, मग सोलपटं. आम्हाला वाटलं, शेवटचा शेक झाला की उतार पडेल. झालं उलट. किरणांचा परिणाम शेवटच्या दिवशी थांबत नाही. तोंडातल्या जखमा अखेरच्या आठवड्यात आणि त्याच्या पुढच्या एक-दोन आठवड्यांत सर्वांत वाईट असतात आणि भरून यायला त्यानंतरही काही आठवडे लागतात. म्हणजे रुग्णाला सगळ्यात जास्त त्रास होतो तेव्हा तो रुग्णालयात नसतो, घरी असतो. आमच्या हातात होतं एक इंग्रजी कार्ड. त्यावर लिहिलं होतं की तीन महिन्यांनी या आणि तोंडाची स्वच्छता राखा. आई थुंकायलासुद्धा घाबरत होती. लाळ इतकी घट्ट, चिकट झाली होती की बोटाने ओढून काढावी लागे. रात्री ती बसून झोपायची. अशा वेळी फोन करायला एक नंबर नव्हता.

शेजारपाजारचे लोक जीव तोडून सांगत होते. तुरटीच्या पाण्याने गुळण्या करा, हळद लावा, मानेला खोबरेल चोळा. दुकानातून कुणीतरी माउथवॉश आणून दिला. त्यात अल्कोहोल असतं आणि ते कच्च्या जखमेवर आगीसारखं लागतं, हे आम्हाला तो तोंडात घेतल्यावर समजलं. खरं तर लागतं ते अगदी साधं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, आणि त्याच्या दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या. दुखणं कमी करायला बेंझिडामाइनची गुळणी मिळते. तोंडात दह्यासारखा पांढरा थर धरला तर ती बुरशी असते, तिच्यावर वेगळं औषध आहे. मानेच्या काळ्या पडलेल्या कातडीला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही लावायचं नाही, कॉलर सुती आणि सैल ठेवायची. हे सगळं एका पानावर मराठीत छापता येतं. तेवढं एक पान आमच्या हातात कुणी ठेवलं नाही.

वेदनेबद्दल स्वतंत्र लिहावं लागेल. तोंडाच्या आतली सगळी कातडी गेलेली असताना पॅरासिटामॉलने काय होणार? अशा दुखण्यावर मॉर्फिन द्यावं, असं जगभरचं वैद्यकशास्त्र सांगतं. मॉर्फिन ज्यापासून बनतं त्या अफूची आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने शेती होते. 2014 साली संसदेने अमली पदार्थांचा कायदा बदलला तो याचसाठी, की मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवायला ढीगभर परवाने लागू नयेत. बदल होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या तालुक्यात औषधाच्या एकाही दुकानात, एकाही दवाखान्यात ती गोळी नव्हती. 'पाणीसुद्धा टोचतंय गं,' असं आई खुणेने सांगायची आणि मी तिच्या हातात ट्रामाडॉल या सौम्य वेदनाशामक गोळ्यांची पट्टी ठेवायची. कायदा दिल्लीत बदलला. गोळी तालुक्यापर्यंत पोचवणं हे राज्याचं काम आहे.

आता जेवणाचं. जन्मभर भाकरी-ठेचा खाल्लेल्या बाईला तिखट, आंबट, खारट, गरम, कोरडं काहीही चालत नाही. चव तर गेलेलीच असते. वजन उतरायला लागतं. ते किती उतरू द्यायचं, अन्न देण्यासाठी नाकातली नळी कधी घालायची, हे रुग्णालयाने ठरवायला हवं. आमच्याकडे ते आईच्या भीतीने ठरवलं. नळी म्हणजे शेवट आला, असं तिच्या मनाने घेतलं आणि तसं नसतं हे समजावायला कुणाकडे दहा मिनिटं नव्हती. आहाराबद्दल सांगितलं गेलं, 'पातळ आणि पौष्टिक द्या.' पंचेचाळीस किलोच्या बाईला या काळात दिवसाला सुमारे 1,350 कॅलरी आणि 55 ते 65 ग्रॅम प्रथिनं लागतात. ती नुसत्या भाताच्या पेजेतून आणि फळांच्या रसातून येत नाहीत. नाचणीची पेज दुधात शिजवून वर चमचाभर तूप, मुगाच्या डाळीचं गाळलेलं कढण, दुधात फेटून शिजवलेलं अंडं, शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक वाटून केलेली पातळ खीर, दर दोन तासांनी वाटीभर. असं मोजून-मापून, आपल्या चुलीवर होईल असं कुणीतरी सांगायला हवं. मी ते एका दुसऱ्या रुग्णाच्या बायकोकडून शिकले, शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर. तिला ते तिच्या अनुभवातून कळलं होतं. त्या बाकावर जितकं शिकायला मिळालं तितकं कुठल्याच टेबलावर मिळालं नाही.

आणि हे नुसतं रुग्णाला बरं वाटावं म्हणून मागत नाही. तोंड आलं, वजन घटलं, अशक्तपणा आला, की माणूस मध्येच शेक सोडतो किंवा आठवडाभर येत नाही. उपचारात असा खंड पडला की कॅन्सर परतण्याची शक्यता वाढते, हे किरणोपचाराच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. म्हणजे जी काळजी तुम्ही 'पूरक' म्हणून बाजूला ठेवली आहे, तिच्यावरच मुख्य उपचार उभा आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र दातांची आहे. शेक सुरू होण्याआधी प्रत्येक रुग्णाला दंतवैद्याने तपासायला हवं. जे दात टिकणार नाहीत ते आधीच काढायचे आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. कारण किरणं घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तिथे नंतर दात उपटला तर जखम भरत नाही, हाड मरू लागतं. हा धोका वर्ष-दोन वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो. दुसरीकडे लाळ आटल्यामुळे दात झपाट्याने किडतात, हिरडीच्या कडेला काळे पडून मुळापाशी मोडतात. म्हणून रोज फ्लोराइड लावायचं, तेही जन्मभर.

आईला यातलं काही सांगितलं गेलं नाही. दंतवैद्याकडे पाठवलंही नाही. दीड-दोन वर्षांनी खालची दाढ ठणकायला लागली, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी ती काढली. कॅन्सरचं ऑपरेशन झालंय एवढं आईने सांगितलं होतं. जबड्याला किती ग्रे, कोणत्या बाजूला, कधी, हे सांगणारा कागदच तिच्याजवळ नव्हता. ती जागा महिनोन्महिने भरली नाही. हाड उघडं पडलं, पू येऊ लागला. कॅन्सर परत आला या धास्तीने आम्ही घरात कुणी जेवत नव्हतो. तपासणीत कळलं की कॅन्सर नाही, किरणांनी हाड कुजलंय. ज्या बाईला आपण कॅन्सरमधून बाहेर काढलं तिला एका कागदाच्या अभावी पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं. याचा दोष मी त्या दंतवैद्यांना देत नाही. त्यांना कळायची सोयच नव्हती.

तोंड उघडण्याचं दुखणंही तसंच टाळता येण्यासारखं आहे. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये 35 मिलिमीटरपेक्षा कमी जागा उघडत असेल तर तोंड आखडलं असं मानतात. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, ही घरगुती खूण. गुटखा-सुपारीने आपल्याकडच्या अनेकांचं तोंड आधीच आखडलेलं असतं. त्यावर ऑपरेशन आणि शेक. स्नायू कडक होत जातात आणि एकदा झाले की मागे फिरत नाहीत. यासाठी परदेशी उपकरणं महाग आहेत, पण आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून, दिवसातून चार-पाच वेळा, शेक सुरू असल्यापासून व्यायाम केला तरी पुष्कळ फरक पडतो. काड्यांची जुडी काही रुपयांत येते. पण किती काड्या, किती वेळ, दुखलं तर थांबायचं की नाही, हे समोर बसून शिकवावं लागतं आणि दर आठवड्याला मोजावं लागतं. गिळण्याचंही तसंच. नळी असली तरी थोडंथोडं गिळत राहायला लागतं, नाहीतर घशाचे स्नायू काम विसरतात आणि अन्न श्वासनळीत उतरून न्यूमोनिया होतो. आई आता मऊ भात, दुधात भिजवून कुस्करलेली भाकरी खाते. नातवाशी बोललेलं त्याला कळतं. हे त्या बंद झालेल्या ओपीडीतल्या मॅडममुळे झालं. त्या पदाचा वर्षाचा खर्च एका किरणोपचार यंत्राच्या देखभालीपुढे किती असेल याचा हिशेब आपण मांडून पाहावा, अशी माझी विनंती आहे. प्रशिक्षित माणसं मिळत नाहीत असं म्हणू नये. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग संस्था वाचा आणि श्रवण चिकित्सकच तयार करते. माणसं आहेत, पदं नाहीत.

थायरॉइडबद्दल दोनच ओळी. मानेवर किरणं घेतलेल्या बऱ्याच रुग्णांची थायरॉइड पुढे मंदावते. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइड नीट चालते का हे दाखवणारी रक्ताची तपासणी, करायची असते. आईला थंडी वाजायची, उठवत नव्हतं, ती गप्प झाली होती. आम्ही आजारपणाचा शीण समजत राहिलो. साधी रक्ताची तपासणी होती आणि गोळीही स्वस्त.

यंत्रांबद्दलही बोलायला हवं. लाळेच्या ग्रंथी वाचवून किरणं देण्याचं तंत्र, आयएमआरटी, आता नवीन राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षानंतर तोंड बऱ्यापैकी कोरडं राहिलेल्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत 74 टक्के होतं, आयएमआरटीत 38 टक्के. जुन्या कोबाल्ट यंत्रांवर ही सोय मिळत नाही. सगळीकडे नवीन यंत्र उद्याच येणार नाही हे मी समजते. पण आपल्याला कोणत्या पद्धतीने किरणं मिळणार आहेत आणि त्याने काय फरक पडेल, हे रुग्णाला सही घेण्याआधी सांगितलं जावं. आई आज उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपते आणि रात्रीतून अनेकदा उठते. हे जन्माचं असेल, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मागण्या.

बंद केलेली ओपीडी ताबडतोब सुरू करावी. आणि जिथे तोंडाच्या कॅन्सरवर किरणोपचार होतात अशा प्रत्येक सरकारी व अनुदानित रुग्णालयात गिळणे-बोलणे चिकित्सक, आहारतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांची कायम पदं मंजूर करावीत. कंत्राट संपलं म्हणून रुग्णाचं गिळणं थांबू नये.

दंतवैद्याच्या तपासणीचा शेरा असल्याशिवाय, तातडीची बाब सोडून, कोणत्याही रुग्णाचा पहिला शेक सुरू करू नये.

शेक संपताना प्रत्येक रुग्णाला मराठीत छापलेलं कार्ड द्यावं. त्यावर किती ग्रे, कोणती बाजू, कोणती तारीख हे असावं. 'किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या जबड्यातला दात काढू नये' हे ठळक अक्षरांत असावं. टीएसएचच्या तारखा असाव्यात. मागच्या बाजूला गुळणीची कृती आणि तोंडाचे व्यायाम असावेत.

शेवटच्या शेकानंतर पहिले सहा आठवडे रुग्णालयाकडून दर आठवड्याला एक फोन जावा, आणि रुग्णाला करता येईल असा एक नंबर असावा, जो उचलला जाईल.

मॉर्फिन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि किमान निवडक उपजिल्हा रुग्णालयांत उपलब्ध करावं. त्याची यादी लोकांना दिसेल अशी लावावी.

सरकारी आरोग्य योजनेच्या किरणोपचार पॅकेजमध्ये पुढच्या दोन वर्षांची ही काळजी स्पष्ट शब्दांत धरावी: दातांची तपासणी, फ्लोराइड, नळी, आहारपूरक पावडर, टीएसएच, व्यायामाच्या भेटी.

शेवटचं, गावाजवळच्या सोयीबद्दल. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली आहे. आपल्या राज्यात ती केंद्रं उभी राहतील तेव्हा फक्त केमोची सलाईन लावून थांबू नये. आठवड्यातला एक दिवस शेक घेतलेल्या रुग्णांसाठी राखावा. तिशी ओलांडलेल्यांची तोंडं तपासायची मोहीम आशाताईंच्या मदतीने चालते. त्यांच्याच हातात शेकानंतरच्या रुग्णासाठी एक छोटी तपासणी-यादी द्यावी: वजन किती, तोंड किती बोटं उघडतं, ठसका लागतो का, दात दुखतो का. या कामाचा वेगळा मोबदलाही त्यांना द्यावा.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठी इमारत लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. ओपीडी बंद करण्याच्या आदेशाची प्रत आणि ती पुन्हा कधी सुरू होणार याची तारीख, या दोन गोष्टींचं लेखी उत्तर मला हवं आहे. त्यासाठीचा रीतसर अर्ज मी रुग्णालयात आणि आपल्या कार्यालयात दिला आहे. त्या ओपीडीत आईसोबत येणाऱ्या इतर रुग्णांच्या घरच्यांनीही त्यावर सह्या केल्या आहेत. उत्तर आलं की ते ओपीडीच्या त्याच दारावर लावावं, म्हणजे मुंबईला निघालेल्यांना ते वाचता येईल.

आपली,
तोंडाच्या कॅन्सरमधून वाचलेल्या एका आईची मुलगी